शेवटचा अंक कुठून आला? : वाचकांचे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून या खेपेला आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा डोकावतो: रसायनशास्त्रातले आकडे लिहायचे कसे. उत्तरात किती अंक ठेवायचे, शून्य मोजायचे की सोडायचे, दहाचा घात कधी वापरायचा. म्हणून हे सदर पूर्णपणे त्याच प्रश्नांना दिले आहे.

ऑक्झॅलिक आम्लाचे १.५८ ग्रॅम स्फटिक घेऊन २५० मिलिच्या फ्लास्कमध्ये द्रावण केले. मोलॅरिटी (एका लिटर द्रावणात किती मोल) काढली तर कॅल्क्युलेटरवर ०.०५०१३०८७९ आले. ते जसेच्या तसे जर्नलमध्ये लिहिले, तर मॅडमनी त्यावर लाल रेघ मारली. चूक कुठे झाली?
— अकरावी विज्ञान, कराड

तुमचे गणित बरोबर आहे. पण लिहिलेले उत्तर तुमच्या काट्याला जे कळलेच नाही तेही सांगू पाहते, रेघ त्यासाठी आहे.

तुमचा काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा असणार. काट्याने १.५८ दाखवले म्हणजे खरे वजन १.५७ ते १.५९ च्या दरम्यान कुठेतरी आहे. आता ही दोन टोके घेऊन तेच गणित पुन्हा करा. स्फटिकी ऑक्झॅलिक आम्लाचे मोलर वस्तुमान १२६.०७ धरले, तर १.५७ ग्रॅमला ०.०४९८ मोलर येते आणि १.५९ ला ०.०५०४. तिसऱ्या अंकापाशीच उत्तर हलायला लागले. मग पुढच्या ३०८७९ ला आधार कशाचा? काहीच नाही. उत्तर ०.०५०१ मोलर. यात सार्थ अंक, म्हणजे मोजमापाचा आधार असलेले अंक, तीन, कारण वजनात तीन होते.

शून्यांचा घोळ नियम पाठ करून सुटत नाही, एकक बदलून पाहिले की सुटतो. १.५८ ग्रॅम म्हणजे ०.००१५८ किलोग्रॅम. एकक बदलल्याने तुमचे ज्ञान वाढलेले नाही, म्हणून सुरुवातीची शून्ये सार्थ नाहीत. ती फक्त दशांशचिन्हाची जागा धरून बसलेली आहेत. अंकांच्या मध्ये अडकलेले शून्य मात्र नेहमी सार्थ असते, जसे ०.०५०१ मधले ५ आणि १ यांच्यातले. दशांशचिन्हानंतर शेवटी लिहिलेले शून्यही सार्थ असते, कारण नको असते तर ते लिहिलेच नसते. १.५० ग्रॅम लिहिणारा सांगतो की शतांश ग्रॅम पाहिला आणि तिथे शून्य निघाले.

राहिला खरा अडचणीचा प्रकार. तेच वजन मिलिग्रॅममध्ये १५८० होते. हे शेवटचे शून्य मोजलेले की जागा भरायला आलेले? नुसते पाहून सांगता येत नाही. इथे दहाचा घात कामाला येतो. १.५८ × १०³ मिलिग्रॅम लिहिले की तीन अंक मोजलेले आणि बाकी सगळा आकाराचा भाग, हे स्पष्ट होते. वैज्ञानिक मांडणी फक्त लांबलचक संख्या आखूड करण्यासाठी आहे असे बऱ्याच जणांना वाटते. आमच्या मते तिचे मोठे काम हे दुसरेच: किती माहीत आहे आणि किती मोठे आहे, या दोन गोष्टी ती वेगळ्या ठेवते.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण विचारायला हवी. २५० मिलिचे काय? व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क ‘अ’ वर्गाचा असेल तर त्याची मुभा ±०.१५ मिलि, ‘ब’ वर्गाचा असेल तर ±०.३० मिलि. म्हणजे २५० ची जागा वजनापेक्षा कितीतरी पक्की आहे आणि उत्तर वजनानेच अडते. पण तेच द्रावण चंचुपात्रात, त्याच्यावरच्या २५० च्या खुणेपर्यंत भरले असते तर चित्र उलटे झाले असते. चंचुपात्राच्या खुणा साधारण पाच टक्क्यांपर्यंत चुकू शकतात. २५० वर ते बारा-साडेबारा मिलि होतात. मग तीन अंकी वजन असूनही उत्तर ०.०५० च्या पुढे नेता येत नाही. सर्वांत कच्चे माप कोणते हे आधी शोधा, अंक त्यावरून ठरतात.

ब्युरेटवर ०.१ मिलिच्या रेघा आहेत. मी १०.२५ लिहिले, शेजारच्या मैत्रिणीने १०.२. बरोबर कोण? आणि तिन्ही वाचने सारखी आली नाहीत तर मार्क जातात का?
— बारावी विज्ञान, मिरज

पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी फूट-इंचात सांगतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. ‘एकोणचाळीस फूट सहा इंच’ म्हटले की लोक समजून जातात. त्यावर कोणी ‘सहा इंच आणि तीन मिलिमीटर’ म्हणाला तर वाहत्या, हिंदकळणाऱ्या नदीवर त्या तीन मिलिमीटरला अर्थ उरत नाही. ब्युरेटचेही तसेच: रेघ किती बारीक आहे आणि पाणी किती स्थिर आहे, दोन्ही पाहायचे.

०.१ च्या दोन रेघांमध्ये पातळी स्पष्ट अर्ध्यावर दिसली तर १०.२५ लिहिणे योग्य. रेघेवर असेल तर १०.२०. म्हणजे दुसऱ्या दशांशस्थळी ० किंवा ५ एवढेच. १०.२३ लिहू नका. ब्युरेटच्या टोकावरून पडणारा एक थेंबच सुमारे ०.०५ मिलिचा असतो, आणि रंग बदलतो तो थेंबाने. थेंबापेक्षा बारीक अंत्यबिंदू तुम्हाला कळलेला नाही. तुमच्या कॉलेजात एकाच दशांशस्थळापर्यंत लिहिण्याची पद्धत असेल तर मैत्रिणीचे १०.२ हेही बरोबर. मात्र एका तक्त्यात एकच पद्धत ठेवा. पहिले वाचन १०.२, दुसरे १०.२५ आणि तिसरे १० असा तक्ता म्हणजे तीन वेगळ्या ब्युरेटी वापरल्यासारखे दिसते.

तिन्ही वाचने जुळवून लिहू नका, हे कळकळीने सांगावेसे वाटते. १०.२, १०.३, १०.२ हा चांगला तक्ता आहे. दोन वाचने जुळली की सीबीआर (ब्युरेटचे स्थिर वाचन) १०.२. सरासरी काढायला सांगितली असेल तर १०.२३३३ न लिहिता पुन्हा १०.२ लिहा. भागाकार केल्याने ब्युरेट अधिक बारीक होत नाही. वाचनांत ०.३-०.४ चा फरक पडला तर मात्र कारण शोधा. पहिल्या वाचनाला तोटीखालच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला असेल आणि मध्येच निघून गेला असेल. भरायचे नरसाळे वरच राहून त्यातून थेंब गळले असतील. डोळा पातळीच्या वर राहिला असेल. रंगहीन द्रावणाची खालची वक्ररेषा वाचतात, पोटॅशियम परमँगनेटची वरची कड. एकदा खालची आणि एकदा वरची वाचली तर फरक आलाच. फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग फिका हवा आणि तो अर्धा मिनिट टिकला की थांबायचे. नंतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो जातोच, त्याच्यामागे आणखी थेंब टाकत बसू नका.

आता पुढची मेख. कराडच्या पत्रातले ०.०५०१ मोलर ऑक्झॅलिक आम्ल १० मिलि पिपेटने घेतले आणि सोडियम हायड्रॉक्साइड १०.२ मिलि लागले, तर त्याची मोलॅरिटी २ × ०.०५०१ × १०.०० ÷ १०.२, म्हणजे ०.०९८२. तीन अंक. पण ९.८ मिलि लागले असते तर? नियमाने दोनच अंक, ०.१०. ब्युरेट तीच, चूक तीच एक टक्क्याच्या आसपास, आणि तरी एक अंक गेला. हा नियमाचा दोष आहे. सार्थ अंकांचा नियम हा चुकीचा अंदाज घ्यायची ढोबळ युक्ती आहे, दहाच्या उंबरठ्यावर ती अडखळते. अशा ठिकाणी आम्ही ०.१०२ ठेवू. परीक्षेत मात्र नियमाप्रमाणे जा. किंवा ९.८० वाचा, मग वादच उरत नाही.

बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. टेबलने ०.०९८३३ आले, पुस्तकात ०.०९८३ आहे. टेबलचा शेवटचा अंक ठेवायचा का? शिवाय बारच्या वजाबाकीत माझे उत्तर नेहमी चुकते.
— बारावी विज्ञान, सातारा

लॉग टेबल चार अंकी आहे. म्हणून ते चार अंक देते, मग वाचन दोन अंकी असो की सहा. ते ठेवायचे की नाही हे टेबल ठरवत नाही, वाचन ठरवते. गणित चार अंकांनी करा आणि सर्वांत शेवटी एकदाच पूर्णांकन करा. मधल्या प्रत्येक पायरीला पूर्णांकन केले तर चुका साठत जातात. ९ ने सुरू होणाऱ्या उत्तरात टेबलचा चौथा अंक एकाने इकडेतिकडे होऊ शकतो, हेही लक्षात ठेवा.

आता बार, म्हणजे लॉगच्या फक्त पूर्णांक भागावर काढलेली उणेची आडवी रेघ. तुमच्या गणितात अंशाला १.००३ आणि छेदाला १०.२ आहे असे धरू. लॉग १.००३ म्हणजे ०.००१३. लॉग १०.२ म्हणजे १.००८६. वजाबाकी उणे १.००७३. इथेच बहुतेक जण घसरतात. उणे चिन्ह बाजूला ठेवून .००७३ चा अँटिलॉग पाहतात, १.०१७ मिळते आणि ०.१०१७ लिहून मोकळे होतात. अँटिलॉगच्या टेबलमध्ये फक्त धन अपूर्णांक आहेत. म्हणून उणे १.००७३ मध्ये २ मिळवा आणि २ वजा करा: उणे २ अधिक ०.९९२७, म्हणजेच बार दोन, ०.९९२७. त्याचा अँटिलॉग ९.८३३. आणि बार दोन म्हणजे १०⁻². उत्तर ९.८३३ × १०⁻², तीन अंकांत ९.८३ × १०⁻².

यात एक सोय दडलेली आहे, वर्गात ती क्वचितच सांगितली जाते. संख्या आधी वैज्ञानिक मांडणीत लिहा. दहाच्या घातावर जो आकडा असेल तोच लॉगचा पूर्णांक भाग. ०.००२३४५ म्हणजे २.३४५ × १०⁻³, म्हणून लॉग बार तीन, .३७०१. शून्ये मोजून त्यात एक मिळवा, किंवा अंक मोजून एक वजा करा, ही कसरत लागत नाही. रफ कामात पहिली ओळ नेहमी घातांची लिहावी आणि घातांची बेरीज-वजाबाकी वेगळी करून ठेवावी. दशांशचिन्ह एका घराने सरकण्याच्या निम्म्याहून अधिक चुका तिथेच थांबतील.

अॅव्होगॅड्रो संख्येने भागले की माझे उत्तर १०⁻²³ ऐवजी १०²³ येते. मोबाइलवर केले तरी तेच.
— बीएस्सी प्रथम वर्ष, विटा

पाण्याच्या एका रेणूचे वस्तुमान काढताना तुम्ही १८.०२ भागिले ६.०२२ गुणिले १० चा घात २३ असे एकामागून एक दाबत आहात. यंत्र आधी भागते आणि मग २३ व्या घाताने गुणते. संख्या एकसंध जावी म्हणून घाताचे खास बटण वापरा. ते यंत्रानुसार ‘एक्स्प’ किंवा ‘ईई’ असते. ६.०२२, मग ते बटण, मग २३. मध्ये गुणाकाराचे चिन्ह आणि १० दाबायचे नाही. ते दाबले तर संख्या दहा पटीने मोठी होते आणि पडद्यावर ते ओळखूही येत नाही. मोबाइलवर असे बटण सापडले नाही तर छेद कंसात घाला. पाण्याच्या एका रेणूचे वस्तुमान २.९९२ × १०⁻²³ ग्रॅम आले पाहिजे.

समीकरणातला २ हा आकडा एक अंकी आहे. मग प्रत्येक उत्तर एका सार्थ अंकात लिहायचे का?
— अकरावी विज्ञान, फलटण

नाही. तो २ मोजपट्टीने मोजलेला नाही, रेणूंची गणती आहे. मोजून घेतलेल्या नगांना आणि व्याख्येने ठरलेल्या संख्यांना अंकांची मर्यादा नसते. एका लिटरमधले १००० मिलि तसेच. २० मे २०१९ पासून अॅव्होगॅड्रो स्थिरांकही या यादीत आला आहे. तो आता नेमका ६.०२२१४०७६ × १०²³ प्रति मोल, व्याख्येनेच. तुमच्या गणितात ६.०२२ पुरते, पण उत्तराचे अंक त्याच्यामुळे अडत नाहीत.

मोरचूद (स्फटिकी कॉपर सल्फेट) तापवून त्याच्या एका मोलमागे स्फटिकजलाचे किती मोल, हे काढण्याचा प्रयोग घेतला. एका गटाचे उत्तर ५.०, दुसऱ्याचे ४.९. दुसऱ्या गटाची मुले हिरमुसली. काटा चांगला, मुले काळजीपूर्वक. मग फरक का?
— विज्ञान शिक्षक, कोरेगाव

फरक काट्याच्या शेवटच्या एका अंकाचा आहे. मुलांना हेच करून दाखवा. रिकामी बशी २४.३६ ग्रॅम, मोरचुदासह २६.८६, तापवून गार केल्यावर २५.९६. प्रत्येक वाचनात चार सार्थ अंक. पण बेरीज-वजाबाकीत सार्थ अंक मोजायचे नसतात, दशांशस्थळे मोजायची असतात. पाणी गेले ते २६.८६ वजा २५.९६, म्हणजे ०.९० ग्रॅम. चारचे दोन झाले! मोठ्या आकड्यातून जवळचा मोठा आकडा वजा केला की अंक असे गळतात.

उरलेला निर्जल भाग १.६० ग्रॅम. पाण्याचे मोल ०.९० भागिले १८.०२, म्हणजे ०.०५०. निर्जल कॉपर सल्फेटचे मोल १.६० भागिले १५९.६, म्हणजे ०.०१००. गुणोत्तर ५.०. आता शेवटचे वाचन २५.९६ ऐवजी २५.९७ घ्या. पाणी ०.८९, निर्जल १.६१, गुणोत्तर ४.९. शतांश ग्रॅम हलला आणि ५.० चे ४.९ झाले. दोन्ही गटांचे काम सारखेच चांगले आहे. अडीच ग्रॅमऐवजी पाच ग्रॅम मोरचूद घेतला तर हा परिणाम निम्मा होतो. त्याच काट्यावर अचूकता वाढवण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग.

उत्तर ४.५ किंवा ५.६ आले तर मात्र अंकांना दोष देऊ नका. बशी गरम असतानाच वजन केले तर भोवतालची तापलेली हवा वर जाते आणि काटा कमी वजन दाखवतो, म्हणजे पाणी जास्त गेल्यासारखे दिसते. गार होताना उघडी ठेवली तर पांढरी पूड हवेतला ओलावा शोषते आणि कडेने निळसर होते, तेव्हा उलटी चूक. ज्योत मोठी ठेवली की तडतडून कण उडतात, आणखी तापवली तर पूड काळपट पडते. तसे झाले तर पाण्याशिवाय दुसरेही काही गेले. मंद ज्योत, ढवळत तापवणे, डेसिकेटरमध्ये गार करणे, आणि सलग दोन वजने सारखी येईपर्यंत पुन्हा तापवणे. अंक मोजायचे ते या सगळ्यानंतर.

आमच्याकडे द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण मारतात: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. यात तांबे किती? मी २५४५.१ मिलिग्रॅम प्रति लिटर काढले.
— अकरावी विज्ञान, तासगाव

मोरचुदाच्या २४९.७ ग्रॅममध्ये तांबे ६३.५५ ग्रॅम. तेव्हा गणित ठीक आहे. पण बागेत उभे राहून पाहा. शंभर लिटरच्या पिंपावर खूण अंदाजाची असते, दोन-तीन लिटर इकडेतिकडे सहज होते. म्हणून उत्तर २.५ × १०³ मिलिग्रॅम प्रति लिटर. मोलमध्ये ४.० × १०⁻² प्रति लिटर. २५०० असे लिहिले तर शेवटची शून्ये मोजलेली की नाहीत ते कळणार नाही. इथे घाताची मांडणी हवीच.

शिवाय चुन्यामुळे हे तांबे बहुतेक सगळे निळ्या साक्यात असते, पाण्यात विरघळलेले नसते. म्हणून हा आकडा ‘एकूण तांबे’ म्हणून लिहा. चुन्याच्या ‘एक किलो’वर तर फारसा विश्वास टाकू नका. चुना जुना झाला, हवेने विरला की त्याचा जोर कमी होतो. म्हणून शेतकरी स्वच्छ लोखंडी विळा मिश्रणात बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे, चुना वाढवायला हवा. या कामात विळा वजनकाट्यापेक्षा खरा. मिश्रण लोखंडी भांड्यात करायचे नाही, तेही याच कारणाने.

आमच्या क्षारपड जमिनीच्या मातीचा पीएच एका ठिकाणी ८.५ दिला, दुसऱ्या ठिकाणी ८.४७. दुसरी तपासणी जास्त अचूक म्हणायची का?
— शेतकरी वाचक, आष्टा

लिहिलेले अंक जास्त आहेत, एवढेच खात्रीने म्हणता येते. पीएच हा लॉग आहे, त्यामुळे त्याचे अंक वेगळे वाचायचे. दशांशचिन्हाच्या आधीचा ८ फक्त दहाचा घात सांगतो, सार्थ अंक त्याच्या पुढचे. ८.५ मध्ये एकच सार्थ अंक: हायड्रोजन आयन ३ × १०⁻⁹ मोल प्रति लिटर. ८.४७ मध्ये दोन: ३.४ × १०⁻⁹. पीएच ०.१ ने हलला की संहती सुमारे २६ टक्क्यांनी बदलते.

८.४७ मधला ७ खरा ठरायला मीटर त्याच दिवशी बफरवर (पीएच आधीच ठाऊक असलेल्या द्रावणावर) लावलेला हवा, आणि तुमची माती अल्कधर्मी असल्याने ७ च्या बफरबरोबर ९.२ चाही हवा, नुसता ४ चा नव्हे. द्रावणाचे तापमान बफरच्या तापमानाइतके हवे. एवढे करूनही माती-पाण्याच्या मिश्रणात, म्हणजे १० ग्रॅम मातीला २५ मिलि पाणी या नेहमीच्या प्रमाणात, ढवळताना घेतलेले वाचन आणि गाळ बसल्यावर घेतलेले वाचन यांत दुसरे दशांशस्थळ सहज बदलते. त्यात एकाच एकरातल्या दोन खड्ड्यांतली माती सारखी नसते. आमच्या मते मातीसाठी एक दशांशस्थळ पुरे, आणि तुमचे दोन्ही अहवाल एकमेकांशी जुळतात. जिप्सम किंवा निचऱ्याचा निर्णय त्या ०.०३ वर घेऊ नका. विद्युतवाहकता आणि सोडियमचे प्रमाण पाहा.

बातम्यांत कोयनेचा साठा टीएमसीत सांगतात. त्याचे लिटर किती आणि ते लिहायचे कसे? धरणात पाण्याचे रेणू किती, हेही मुलगा विचारतो.
— वाचक, पाटण

टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, १०⁹ घनफूट. फूट व्याख्येने नेमका ०.३०४८ मीटर आहे, त्यामुळे एक घनफूट २८.३१६८ लिटर. एक टीएमसी २.८३ × १०¹⁰ लिटर, म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, तेव्हा पूर्ण भरलेले धरण २.९८०३ × १०¹² लिटर. पाच अंक ठेवले कारण १०५.२५ मध्ये पाच आहेत. पण प्रत्यक्ष साठा पातळी वाचून तक्त्यावरून काढतात, म्हणून बोलताना ३.० × १०¹² म्हणणे पुरे. विसर्गालाही हेच लागू. बातमीत ‘५०,००० क्युसेक’ (सेकंदाला इतके घनफूट) आले तर त्यातली किती शून्ये मोजलेली, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ११,५७४ क्युसेक दिवसभर वाहिले की एक टीएमसी होतो, या हिशेबाने दिवसाला ४.३२ टीएमसी निघतात. लिहावे ४.३, आणि तेही सावधपणे.

अशा संख्यांना आपल्याकडे नावे होती. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात दिलेल्या यादीत प्रत्येक पुढचे नाव दहा पटीचे आहे. त्यांतली काही: लक्ष १०⁵, कोटी १०⁷, अब्ज १०⁹, खर्व १०¹⁰, निखर्व १०¹¹, महापद्म १०¹², आणि शेवटी परार्ध १०¹⁷. म्हणजे कोयना तीन महापद्म लिटरची. प्रत्येक घाताला एक नाव, ही घातांकाचीच मांडणी आहे, फक्त अक्षरांत. मोलच्या हिशेबात ती तोकडी पडते, कारण अॅव्होगॅड्रो संख्या सुमारे साठ लाख परार्ध आहे.

आता मुलाचा प्रश्न. एका लिटर पाण्याचे वस्तुमान १.० किलोग्रॅम धरू. ३.० × १०¹² लिटर म्हणजे ३.० × १०¹⁵ ग्रॅम. त्याला १८.०२ ने भागले की १.७ × १०¹⁴ मोल. हा मधला टप्पा आहे, पूर्णांकन न करता १.६६५ पुढे न्या. ६.०२२ × १०²³ ने गुणले की १.०० × १०³⁸ येते. मधेच १.७ धरला असता तर १.०२ आले असते, आणि दोन अंकांत दोन्हीही १.०. लिहायचे १.० × १०³⁸ रेणू. नुसते १०³⁸ लिहिले तर किती माहीत आहे ते कळत नाही. १.००० लिहिले तर धरणातल्या पाण्याचे तापमानही सांगावे लागेल, कारण ४ अंश सेल्सिअसला लिटरचे १.००० किलोग्रॅम असलेले पाणी ३० अंशांना ०.९९६ होते.